थोरल्या बहिणीला कोणी विचारले?

अपंग मुलाच्या भावंडांवरील संशोधनाला आता साठ वर्षे उलटून गेली. बर्नार्ड फार्बर यांनी 1960च्या सुमारास दाखवून दिले की तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेले मूल जन्माने कितवेही असो, घरात ते शेंडेफळच होऊन राहते आणि त्याचा ताण थोरल्या बहिणीवर अधिक येतो. पुढची बरीच वर्षे भावंडांचे नुकसान मोजण्यात गेली. मग वारे फिरले आणि ती किती समंजस होतात याचे गुणगान सुरू झाले. या दोन्ही टप्प्यांत रेंगाळण्यासारखे फारसे नाही.

रेंगाळावे ते फ्रान्सेस ग्रॉसमन यांच्या 1972च्या पुस्तकापाशी. त्यांनी महाविद्यालयात शिकणाऱ्या 83 भावंडांनाच बोलते केले. काहींचे भले झाले होते, काहींचे नुकसान. पारडी जवळपास सारखीच. खरा ऐवज त्यापुढे आहे. सधन घरांत देखभाल विकत घेता येत होती, बेताच्या घरांत ती मुलींच्या अंगावर पडत होती. भावंडाचे काय होणार हे अपंगत्वाइतकेच घरातला पैसा, जागा आणि मदत यांवर ठरते, हा माझा जुना आग्रह त्याच निष्कर्षावर उभा आहे. भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीत तो पडताळून पाहावा. बाप बारा तासांच्या पाळीवर, आई कांड्या भरण्यात, घर म्हणजे एक खोली. अशा घरात भावाला भरवणे, त्याचे कपडे बदलणे, फिट आली की त्याला कुशीवर वळवणे, दाखल्याच्या रांगेत त्याला धरून उभे राहणे हे सारे मुलीकडे येते. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ती नुसती गैरहजर असते.

आपल्याकडे कुटुंबच सांभाळते, परदेशी मोजपट्ट्या कशाला, असे काही मंडळी ठासून सांगतात. पण कुटुंबातले कोण, हे ते सांगत नाहीत. 2004च्या ‘देवराई’ चित्रपटाने ते सांगितले: स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषला सांभाळते ती बहीण सीना, स्वतःचा संसार सांभाळून. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ताण शोधत गेलो तर अपंग माणूसच ओझे ठरेल, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय असा की ताणाचे कारण माणसात न शोधता नसलेल्या सोयींत शोधावे, आणि बहिणीइतकेच त्या भावालाही विचारावे. आजकाल मात्र आईकडून प्रश्नावली भरून घेतली की अभ्यास पुरा होतो. दीर्घ आजारी मुलांच्या भावंडांवरील अभ्यास शार्प आणि रॉसिटर यांनी 2002 मध्ये एकत्र तपासले, तेव्हा पालकांनी रंगवलेले चित्र मुलांच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा काळे निघाले. तरीही ही सवय सुटत नाही.

आईबापांनंतरचा प्रश्न तर संशोधकांनी फार उशिरा हाती घेतला. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत पालक नेमता येतो. शेषसारख्या मनोरुग्णाला तो लागू नाही. नेमल्या गेलेल्या भावंडाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेने त्या भावंडाला उसंत, पैसा आणि नकार देण्याचा हक्कही द्यायला हवा. नव्या संशोधकांनी भिवंडीत येऊन मोजायचे असेल तर हे मोजावे: दिवसाचे किती तास त्या मुलीचे स्वतःचे उरतात, आणि कोणती सोय आली तर ते वाढतील.