पिशवीच्या आत पिशवी

आपल्याकडे बायका एकमेकींना सांगतात, ‘पिशवी काढली.’ गर्भाशय हा शब्द केसपेपरपुरता. 1988 मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीच्या मदतीने गर्भाशय काढलं आणि पोटावरची मोठी चीर टळू लागली. दुखणं कमी, घरी लवकर. पण आत सुटी केलेली, गाठींनी फुगलेली पिशवी बोटभर रुंदीच्या छिद्रातून बाहेर काढायची कशी? 1990च्या दशकात त्यावर यंत्र आलं, पॉवर मॉर्सेलेटर. नळीच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. मांस पकडायचं, नळीत ओढायचं, लांब पट्ट्या निघत राहतात. उरलेले बारीक कण मात्र पोटात उडतात. साध्या गाठीचे कणसुद्धा आतड्यांवर रुजून पुन्हा वाढू शकतात.

आणि गाठ साधी नसेल तर? अशा साध्या गाठीसारखा, म्हणजे फायब्रॉईडसारखा दिसणारा लायोमायोसार्कोमा हा कर्करोग ऑपरेशनआधी खात्रीने ओळखता येत नाही. सोनोग्राफी नाही, एमआरआयही नाही. तो फार विरळ, असं सांगून वर्षानुवर्षं हा धोका बाजूला ठेवला गेला.

ऑक्टोबर 2013 मध्ये बॉस्टनमध्ये एमी रीड यांचं फायब्रॉईडसाठी असंच ऑपरेशन झालं. त्या स्वतः भूलतज्ज्ञ, सहा मुलांची आई. तपासणीत लायोमायोसार्कोमा निघाला, आणि यंत्राने तो पोटात पसरवला होता. त्या आणि त्यांचे पती, हृदयशल्यविशारद हूमान नूरचश्म, गप्प बसले नाहीत. एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेच्या औषधं-उपकरणं नियंत्रक संस्थेने, एफडीएने, आकडा दिला: फायब्रॉईडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या साधारण 350 स्त्रियांमागे एकीला न ओळखलेला सार्कोमा, म्हणजे या जातीचा गर्भाशयाचा कर्करोग, असतो. यंत्र बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने आधी विक्री थांबवली, मग यंत्रं परत मागवली. नोव्हेंबरमध्ये यंत्रावर ठळक इशारा छापणं आलं. काही तज्ज्ञांना हा आकडा फुगवलेला वाटला. दुसऱ्या पाहण्यांमध्ये धोका बराच कमी निघाला, हे खरं. पण ‘विरळ’ म्हणजे नेमकं किती, हे आधी कुणी नीट मोजलंच नव्हतं. मला तो मोठा दोष वाटतो.

भीतीचीही किंमत पडली. मिशिगनमधल्या 18 हजारांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदींत दिसलं, की एफडीएच्या एप्रिलमधल्या इशाऱ्यानंतर दुर्बिणीची ऑपरेशनं घटली आणि मोठ्या गुंतागुंती 2.2 टक्क्यांवरून 2.8 वर गेल्या. म्हणजे सरसकट पोट उघडणं हेही उत्तर नव्हतं.

मधला मार्ग म्हणून आली दुसरी, कृत्रिम पिशवी. गुंडाळलेली पिशवी पोटात सोडायची, सुटं केलेलं गर्भाशय तिच्यात सरकवायचं, तोंड छिद्रातून बाहेर काढायचं आणि तुकडे फक्त आतच करायचे, यंत्राने किंवा साध्या सुरीने. पिशवी वायूने फुगवली तर पात्यापासून दूर राहते. ती किती भरवशाची? पिशवीत निळा रंग घालून पाहिलेल्या एका अभ्यासात 76 पैकी 7 जणींमध्ये रंग किंवा कण बाहेर आले. बहुतेक वेळा पिशवी फाटलेलीही नव्हती. एप्रिल 2016 मध्ये एफडीएने न्यूमोलायनर या पिशवीला परवानगी दिली, तेव्हाच बजावलं की कर्करोगाचा फैलाव तिने कमी होतो, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून कर्करोगाची शंका असेल तिथे पिशवीत घालूनही तुकडे करायचे नाहीत.

24 मे 2017 ला एमी रीड गेल्या. वय 44. डिसेंबर 2020 मध्ये एफडीएने स्पष्ट सांगितलं, यंत्र वापरायचं तर पिशवीच्या आतच.

माझ्या मते पिशवी वापरणं योग्यच. पुराव्यात उणीव असली तरी उघड्यावर तुकडे करण्यापेक्षा ती कितीतरी बरी. आणि तुमचं किंवा घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं, की सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: गर्भाशय बाहेर कसं काढणार, आणि तुकडे करणार असाल तर कशाच्या आत?