पहिला विश्वचषक: संघ तेरा, चेंडू दोन



ऑलिंपिकमध्ये पूर्वी फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. म्हणून फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये फुटबॉलची स्वतंत्र विश्वस्पर्धा ठरली. चिमुकल्या उरुग्वेने यजमानपद घेतले, पाहुण्या संघांचा खर्चही उचलला. तरी बोटीचा प्रवास लांबचा, म्हणून युरोपातून चारच संघ आले. १९३० मध्ये एकूण १३ संघांवरच स्पर्धा झाली.

अंतिम सामन्यात चेंडू कोणाचा, यावरून वाद झाला. तोडगा निघाला: पूर्वार्धात अर्जेंटिनाचा, उत्तरार्धात उरुग्वेचा. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे. शेवटी उरुग्वे ४-२ ने विजयी!

आपल्या मैदानावरही मुले कमी जमली किंवा वाद झाला, तरी खेळ थांबू नये, एवढेच आमचे सांगणे.