वंश खुंटला, की मुलगी दिसलीच नाही?

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत हाती लागला. चाळता चाळता बाबांच्या नावापाशी आले. नावाखाली आडवी रेघ आणि कंसात दोनच शब्द, 'शाखा खुंटली'. आम्ही दोघी बहिणी चांगल्या धडधाकट, पदरी मुलंबाळं. तरी शाखा खुंटली ती खुंटलीच!

आधी हसू आलं, मग राग. आणि मग आठवली फ्रान्सची एक चार वर्षांची राजकन्या. तिच्या वडिलांच्या नावाखालीही इतिहासानं अशीच रेघ ओढली आहे.

हे घराणं कापे राजांचं. ९८७ साली ह्यू कापे गादीवर बसला आणि पुढची सव्वातीनशे वर्षं प्रत्येक राजामागे त्याचा मुलगाच राजा झाला. मुलगी चालेल का, हा प्रश्न कधी पडलाच नाही. तो पडला १३१६मध्ये. दहावा लुई अचानक वारला. मागे पहिल्या बायकोची मुलगी झान आणि दुसरी बायको गरोदर. नोव्हेंबरात तिला मुलगा झाला. जन्मतःच राजा झालेलं ते बाळ पाचच दिवसांत गेलं. उरली झान.

आता पुढे आले काका. (काका आणि गादी म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवणारच!) या फिलिपकाकांनी घाईघाईनं राज्याभिषेक उरकला आणि १३१७च्या फेब्रुवारीत पॅरिसला सभा बोलावून ठरवून टाकलं, की बाईला फ्रान्सच्या गादीवर बसता येत नाही. झानच्या आईवर व्यभिचाराचा ठपका होता, ती कैदेतच वारली होती. त्यामुळे पोरीच्या जन्माबद्दल कुजबुज करायलाही सोपं. भाचीची बाजू घेणारे एक मामा होते, बर्गंडीचे ड्यूक. त्यांना फिलिपनं आपली मुलगी देऊन जावई करून घेतलं. मामाही गप्प!

पण गंमत बघा. १३२२मध्ये हे काका वारले तेव्हा त्यांच्या मागेही फक्त मुलीच होत्या. स्वतः पाडलेला पायंडा स्वतःच्याच लेकींना नडला. मग धाकटे काका चार्ल्स राजे झाले. तेही १३२८मध्ये गेले, बायको गरोदर. सगळा देश दोन महिने वाट बघत बसला. मुलगी झाली. झालं, थोरली पाती संपली म्हणाले आणि चुलत शाखेच्या व्हाल्वा घराण्याला गादी मिळाली.

संपली? राजवाडा तर मुलींनी भरलेला होता!

तिकडे इंग्लंडचा तिसरा एडवर्ड म्हणाला, माझी आई या तिघा भावांची सख्खी बहीण, तेव्हा गादी माझी. १३३७ला सुरू झालेलं ते युद्ध १४५३पर्यंत धुमसत राहिलं. झान राणी झाली असती, तर? युद्ध टळलंच असतं असं नाही म्हणवत, गॅस्कनी प्रांतावरून दोन्ही राजांची कुरबुर जुनीच होती. पण गादीवर हक्क सांगायला एडवर्डला तोंड उरलं नसतं. राजाची लेक गादीवर असताना आत्याच्या मुलाला कोण विचारतो?

कुणी म्हणेल, अहो, तो काळच तसा. मग त्याआधी अर्धशतक आपल्या शेजारी वरंगळला काय झालं? काकतीय राजा गणपतिदेवाला मुलगा नव्हता. त्यानं लेकीलाच, रुद्रमादेवीला, वारस नेमलं. तिलाही 'रुद्रदेव महाराज' असं पुरुषी नाव घ्यावं लागलं हे खरं, पण तिनं राज्य केलं, आमच्या देवगिरीच्या महादेव यादवाची स्वारी परतवली आणि गादी मुलीच्या मुलाला, प्रतापरुद्राला दिली. १३२३मध्ये दिल्लीच्या सुलतानाच्या फौजेपुढे वरंगळ पडलं तेव्हा ते राज्य गेलं, मुलीमुळे नाही.

आणि झान? आजीच्या बाजूनं आलेलं नव्हारचं छोटं राज्य मात्र तिला १३२८मध्ये मिळालं. तिथं बाईला मज्जाव नव्हता. १३४९मध्ये प्लेगनं जाईपर्यंत ती तिथली राणी होती. ते राज्य पुढे कधी मुलाकडे, कधी मुलीकडे जात दुसऱ्या एका झानपर्यंत आलं. तिचा मुलगा हेन्री १५८९मध्ये फ्रान्सचा राजा झाला. हक्क सांगितला तो वडिलांकडून, पण त्याच्या अंगात आईकडून रक्त होतं त्या चार वर्षांच्या पोरीचं. खुंटलेली शाखा २७३ वर्षांनी गादीवर बसली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही!

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय म्हणे. माहितीचा फॉर्म मागवून घेतला. 'पुत्र' असा रकाना आहे, 'कन्या' नाही. मी 'पुत्र' खोडून वर 'अपत्ये' लिहिलं आणि खाली आम्हा दोघींची नावं घातली. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ''जागा उरली असेल तर मुलांचीही घाल गं.''

उरली नव्हती. मागे कोरा कागद जोडला.