बाई, यात खोटं काय?

आमच्या भागातल्या एका शाळेत दर शनिवारी सातवीच्या मुलांचा एक तास मला मिळतो. ‘जाहिरात कशी बघावी’ हा विषय मीच सुचवला, तेव्हा मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, दिवसभर तेच तर बघतात, आणखी शिकवायचं काय?’’

पहिल्याच शनिवारी गृहपाठ दिला. कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिराती बघायच्या आणि वहीत तीन रकाने भरायचे. कपडे मळतात कोणाचे, धुतं कोण आणि कुठली पावडर चांगली ते सांगतं कोण. पुढच्या आठवड्यात वह्या उघडल्या, तर बहुतेकांचं उत्तर तेच. मळवतो मुलगा, धुते आई, सांगणारा आवाज पुरुषाचा. एकाला ‘एरियल’ची जाहिरात सापडली होती, बाबांनीही धुवायला हवं म्हणणारी. २०१५ पासून त्यांची ती मोहीम आहे. पण बाकी सगळं ठरलेलंच.

मी खुशीत खडू उचलला, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘‘पण बाई, आमच्याकडे आईच धुते. मग यात खोटं काय?’’

खरं सांगते, मी गडबडले. गोरं करणाऱ्या क्रीमचं सोपं असतं. क्रीम लावलं की नोकरी मिळते, ही थाप मुलांना चटकन कळते. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला, हेही वर्गात एकाला ठाऊक होतं. पण घराघरांत जे चालतं तेच दाखवलं, तर तक्रार कशाची करायची? माझ्याच लेकाला मी किती वर्षं जेवलेलं ताटसुद्धा उचलू दिलं नाही, ते त्या क्षणी नेमकं आठवलं.

मग तिलाच विचारलं, ‘‘धुताना तुझी आई त्या बाईसारखी हसते का गं?’’

वर्ग खिदळला. ‘‘छे! ओरडते. कंबर दुखते तिची.’’

मग एकेक निघत गेलं. जाहिरातीत नळाचं पाणी जात नाही, चादर पिळावी लागत नाही, आई कामावरून दमून आलेली नसते.

मी बालभारतीचं दुसरीचं पुस्तक नेलं होतं. २०१९ मध्ये त्यातल्या चित्रांची खूप चर्चा झाली होती. आई-बाबा मिळून भाजी निवडताहेत, पुरुष इस्त्री करतोय, अशी ती चित्रं. मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. ‘‘माझे पप्पाच इस्त्री करतात,’’ मागून एक मुलगा म्हणाला. त्यांचं लॉण्ड्रीचं दुकान आहे.

‘‘आणि घरी?’’

तो थांबला. ‘‘घरी आई.’’

झालं! लग्नातला आचारी, नाक्यावरचा शिंपी, वडापाववाला, मुलांनीच भराभर नावं काढली. हे काही माझ्या टिपणात नव्हतं. पैसे मिळाले की तेच काम पुरुषाचं कसं होतं? फळ्यावर प्रश्न लिहिला आणि तास संपला.

गेल्या शनिवारी लॉण्ड्रीवाल्यांचा मुलगा लवकर आला. ‘‘बाई, पप्पांना विचारलं. आधी चिडले. मग म्हणाले, दुकानातलं मोजून मिळतं, घरचं कोण मोजतं?’’

‘‘आणि आई?’’

‘‘काही बोलली नाही. पण आज माझा गणवेश मलाच इस्त्री करायला लावला.’’

कॉलर काही त्याला जमली नव्हती.