गांजा सोडल्यानंतरचे पहिले तीन आठवडे

सोमवारची ओपीडी होती. एक मावशी आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा टेम्पोवर कामाला. सतराव्या-अठराव्या वर्षी मित्रांबरोबर गांजा ओढायला लागला आणि गेली तीन-चार वर्षं रोज ओढत होता. पाच दिवसांपूर्वी त्याने स्वतःहून बंद केला. मला वाटलं, मावशी खुशीत असतील. पण त्या रडवेल्या झाल्या होत्या. "साहेब, ओढत होता तेव्हा निदान घरात शांत तरी असायचा. आता जेवत नाही, रात्रभर फेऱ्या मारतो, परवा ताट भिरकावलं. शेवटी काल मीच पैसे दिले. म्हटलं, जा बाबा, घेऊन ये." मुलगा मान खाली घालून बसला होता. ते पैसे त्याने खर्च केले नव्हते. खिशातच होते.

या दोघांना कोणीतरी आधी एवढंच सांगायला हवं होतं की तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत असंच होतं आणि मग ते उतरतं.

यात त्यांचा दोष नाही. मी शिकत होतो त्या काळात आम्हा डॉक्टरांनाही 'गांजाची सवय मनाची, शरीराची नाही' असंच वाटत असे. मनोविकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमावलीत गांजा सोडल्यानंतरच्या त्रासाला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. त्यामुळे 'गांजा काय, कधीही सोडता येतो' हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं. अधूनमधून ओढणाऱ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत नाही.

आपल्या मेंदूत गांजासारखं काम करणारी रसायनं मुळातच असतात. भूक, झोप, चिंता, राग यांचा समतोल राखण्यात त्यांचा हात असतो. गांजातला टीएचसी हा घटक त्यांच्याच जागा बळकावतो. रोजचा मारा सुरू झाला की मेंदू त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, कमी करतो. म्हणून पूर्वी एका सिगारेटीत लागणारी किक पुढे तीनांतही लागत नाही. एकदम बंद केलं की बाहेरचा पुरवठा थांबलेला आणि घरचे रिसेप्टर कमी झालेले, अशी कोंडी होते. दिलासा असा की, मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या अभ्यासांत दोन दिवसांतच हे रिसेप्टर परतू लागलेले दिसले आणि सुमारे चार आठवड्यांत ते जवळपास पूर्ववत झाले.

त्रास साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू होतो. सर्वांत आधी चिडचिड. कोणी पंखा बंद केला तरी अंगावर धावून जावं असं वाटतं. अन्न समोर आलं की नकोसं होतं, वजन एक-दोन किलो उतरू शकतं. काहींना घाम, थंडी वाजल्यासारखं होणं, पोटात कळ, डोकेदुखी, हात थरथरणं. उदासी आणि बेचैनी जोडीला असतेच. पहिल्या आठवड्यात हे शिगेला जातं आणि दोन ते तीन आठवड्यांत बहुतेक सगळं ओसरतं.

झोपेची गोष्ट मात्र वेगळी. ती महिनाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस रेंगाळते. गांजा स्वप्नं पडणारी झोप दाबून ठेवतो. बंद केल्यावर ती उसळून येते आणि इतकी ठसठशीत, विचित्र स्वप्नं पडतात की माणूस घाबरून उठतो. अनेक जण पुन्हा गांजाकडे वळतात ते मजेसाठी नाही, तर एक रात्र धड झोप लागावी म्हणून. इथेच दुसरी चूकही होते. मेडिकलच्या दुकानातून ओळखीने झोपेची गोळी आणायची किंवा 'त्यापेक्षा दोन पेग बरे' म्हणायचं. एक सवय सोडताना दुसरी लागल्याची उदाहरणं मी दर महिन्याला बघतो. गोळी लागलीच तर ती डॉक्टरांनी मोजून, थोड्या दिवसांसाठी द्यायची असते. दुपारनंतर चहा बंद, दुपारची झोप बंद, संध्याकाळी घाम येईल असं चालणं किंवा काम, हे साधं वाटतं, पण उपयोग होतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. गांजा बहुधा सिगारेटची तंबाखू काढून तिच्यात मिसळून किंवा चिलमीतून तंबाखूबरोबर ओढला जातो. म्हणजे सोडणारा एकाच वेळी गांजाही सोडतो आणि निकोटीनही. चिडचिड दुप्पट होते. अशांना आम्ही निकोटीनची च्युइंगगम देतो, बराच फरक पडतो. आणि भांगेची गोळी रोज घेणाऱ्यांनी आपण यातले नाही असं समजू नये. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने भांगेची पानं वगळली असली, तरी मेंदू कायदा वाचत नाही. टीएचसी तिच्यातही असतोच.

घरच्यांसाठी एक सूचना. दुकानात लघवी तपासायची पट्टी मिळते. टीएचसी चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. रोज ओढणाऱ्याने पूर्ण बंद केल्यावरही तपासणी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रामाणिकपणे सोडलेल्या एका मुलाला बाराव्या दिवशी वडिलांनी पट्टी दाखवून 'खोटारडा' म्हटलं, आणि त्याच रात्री तो पुन्हा ओढून आला. निदान पहिला महिना तरी पट्टीपेक्षा माणसाकडे बघा.

गांजा सोडण्याने जीव जात नाही आणि त्रास थांबवणारं खास असं मान्यताप्राप्त औषधही नाही. लक्षणांपुरतं औषध आणि समुपदेशन, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण काही ठिकाणी थांबू नये. जो रोज दारूही पितो, त्याने दोन्ही एकदम घरी सोडू नये, कारण दारू अचानक तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ज्याला आवाज ऐकू येतात, 'लोक माझ्या मागावर आहेत' असं वाटतं किंवा जगणं नकोसं झालं आहे, त्याला 'सोडल्याचा त्रास आहे, जाईल' म्हणून घरी ठेवू नका. वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्याच्या आंघोळीनेच बरं वाटत असेल, तर तो दीर्घकाळच्या गांजाचाच परिणाम असू शकतो. डॉक्टरांना गांजाबद्दल मोकळेपणाने सांगा, नाहीतर एंडोस्कोपी होत राहतात.

पोलिसांची भीती घालून कोणी थांबवत असेल, तर उपचाराला आलेल्या माणसाची खबर आम्ही पोलिसांना देत नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानसची १४४१६, दोन्ही मोफत आहेत.

मावशींना मी एवढंच सांगितलं की पुढचे दहा दिवस त्याच्याशी पैशांचा, लग्नाचा, गेल्या वर्षांचा हिशेब काढू नका. जेवण थोडं थोडं, चार वेळा द्या. तो चिडला तर दुसऱ्या खोलीत जा. मुलाला म्हटलं, तलफ आली की वीस मिनिटं काढ, ती लाटेसारखी चढते आणि उतरते.

तीन आठवड्यांनी तो एकटाच आला. वजन दीड किलो वाढलं होतं. मित्र जिथे जमायचे तिथे टेम्पो लावणं त्याने बंद केलं होतं. तक्रार एकच होती. स्वप्नात रोज गांजा ओढतो आणि सकाळी उठल्यावर आपण खरंच ओढला की काय, म्हणून छातीत धडधडतं. असं सोडलेल्या अनेकांना होतं, असं सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा हसून बघितलं आणि पुढच्या महिन्याची तारीख मागितली.