परकोटाची प्रदक्षिणा

इटलीत लुक्का नावाचे एक जुने शहर आहे. त्याच्या तटाचा घेर चार किलोमीटरांच्या आसपास असून तो आजही अभंग आहे. एकोणिसाव्या शतकात तटावर झाडे लावून फिरायची वाट केली गेली, आणि आता तेथील आजोबा नातवंडांना घेऊन तिच्यावरून संध्याकाळची फेरी मारतात. परदेशी जाऊन आलेली आपली मंडळी हे मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यांना म्हणावेसे वाटते, बाबांनो, जवळजवळ तेवढ्याच घेराचा एक कोट आपल्या वऱ्हाडातही आहे. अमरावतीचा परकोट सव्वादोन मैलांचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक.

अकोल्याहून अमरावतीला जाणे झाले की मी त्याची प्रदक्षिणा घालतो. कितवी खेप, ते आता मोजीत नाही. लुक्काप्रमाणे तटावरून चालता येत नाही. तटाला घरे टेकली आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. भिंतीच्या कडेकडेने, गल्लीबोळांतूनच जावे लागते. पण मौज त्यातच आहे.

हा कोट निजामाच्या अमलात १८०७ साली बांधावयास घेतला. पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता आणि गावात सावकारांच्या पेढ्या होत्या. म्हणून वीस ते सव्वीस फूट उंचीची ही भिंत. गावाची श्रीमंती कापसाची. १८४२ साली, इकडे आगगाडी नव्हती तेव्हा, एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास धाडल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे!

कोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. दरवाज्यांची नावे ऐकली तरी जुने गाव समजू लागते. नागपुरी आणि खोलापुरी वाटा सांगतात, भुसारी म्हणताच धान्याची पोती आठवतात, महाजनपुरीत सावकार डोकावतो आणि अंबा दरवाजा देवीकडे नेतो. खिडकी म्हणजे पायी माणसाचा छोटा दरवाजा. पटेल, छत्रपुरी, माता ही तिघींची नावे साधी. चौथीचे नाव मात्र खुनारी.

या खिडकीपाशी पाऊल थबकते. १८१८ साली मोहरमच्या वेळी येथे दंगल झाली आणि तीत ७०० माणसे मेली, असे गॅझेटिअर सांगते. कोट उभारला तो बाहेरच्या पेंढाऱ्यांना अडवण्यासाठी. रक्त सांडले ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. त्या दिवशी सव्वीस फुटी भिंतीचा काय उपयोग झाला?

अंबा दरवाज्याबाहेर पडून देवळाकडे वळले की दुसरी एक भिंत आठवते. तिला दगड लागला नव्हता. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली पंजाबराव देशमुखांनी चळवळ उभारली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. दगडी कोटाला निदान नऊ वाटा ठेवल्या होत्या. या दुसऱ्या भिंतीत वाट पाडायला माणसांना झगडावे लागले.

हे सारे पायी फिरताना सुचते, कारण स्थळे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. भिंतच गेली तर ही आठवण कशाला धरून राहणार? आमच्या अकोल्याचेच पाहा. मोर्णाकाठच्या असदगडाची तटबंदी बरीचशी १८७० च्या सुमारास पाडली गेली. अगरवेस, दहीहंडा वेस ही नावे आम्ही रोज घेतो, परंतु वेस कशाची, हे मुलांना समजावून सांगावे लागते. अमरावतीकरांवर अजून ती पाळी आलेली नाही.

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत, फराळ अंगी लागायच्या आत, एका सकाळी मुलांना घेऊन निघा. वाहन घरीच ठेवा. पाच दरवाजे आणि चार खिडक्या मुलांनाच शोधू द्या. खुनारी खिडकीपाशी ती नावाचा अर्थ विचारतील. तो टाळू नका.