पाषाणातून आरपार जाणारा कण

मातीचा नमुना घेताना आम्ही लोखंडी नळकांडे जमिनीत ठोकतो, माती वाळवून तोलतो आणि घनता काढतो. काळ्या जमिनीत घनसेंटिमीटरला साधारण सव्वा ग्रॅम भरते. नाशिककडे विहीर खणताना मुरूम संपून काळा पाषाण लागला, की हाच आकडा पावणेतीनच्या वर जातो. सुरुंगवाल्याला हे सांगावे लागत नाही!

या पाषाणालाही न जुमानणारा एक कण आहे, न्यूट्रिनो. सूर्याकडून येणारे अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले होते.

न्यूट्रिनोचे वाण तीन : इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. गंमत अशी, की पेरावा एक आणि वाटेतच तो दुसरा व्हावा. शास्त्रज्ञ याला आंदोलन म्हणतात. मोर्चाशी संबंध नाही, पाळण्याचे हेलकावे समजा. खडकातील इलेक्ट्रॉन एकट्या इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोवर जादा परिणाम करतात, म्हणून खडक जितका घन तितका हेलकाव्यात फरक. हे वोल्फेन्स्टाइन यांनी १९७८ साली दाखवले.

जपानात २९५ किलोमीटरच्या प्रयोगात हा फरक थोडाच. अमेरिकेत मात्र शिकागोजवळून १३०० किलोमीटरवरच्या जुन्या सोन्याच्या खाणीत झोत सोडण्याची तयारी चालू आहे. पृथ्वी गोल असल्याने झोत मध्यावर तीसेक किलोमीटर खोल जाईल. तेथवर कोणाची पहार पोचत नाही, घनता भूकंपाच्या लहरींवरून काढावी लागते.

एवढा खटाटोप कशाला? न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो मुळातच वेगळे वागतात का, हे पाहायचे आहे. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य का नाही, याचा धागा तेथे मिळू शकेल. पण खडक निव्वळ द्रव्याचा, त्यामुळे तोही दोघांत फरक पाडतो. ओल्या सोयाबीनच्या वजनातून ओल वजा करतात, तसा खडकाचा वाटा आधी वजा करावा लागतो. घनता चुकली, तर हिशेबच चुकला.

आपल्याकडे तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात ५० हजार टन चुंबकित लोखंडाची वेधशाळा योजली होती. तीही पृथ्वी पार करून आलेल्या न्यूट्रिनोंवरून त्यांच्यात जड कोण, हलका कोण हे ठरवणार होती. केंद्राने २०१५ साली मंजुरी दिली, पण स्थानिक विरोधामुळे ती उभी राहिली नाही. डोंगराखाली बोगदा म्हटल्यावर पाण्याची काळजी करणाऱ्या शेतकऱ्याला मी तरी अडाणी म्हणणार नाही.